बसऱ्याला गेलेली माणसं

आमच्या घरात ‘बसरा’ या शब्दाला दोन अर्थ होते. एक म्हणजे आजीच्या नथीतले मोती. दुसरा म्हणजे आजोबांचे चुलतभाऊ. पहिल्या महायुद्धात ते ब्रिटिश फौजेतल्या मराठा पलटणीबरोबर इराकमधल्या बसऱ्याला उतरले आणि पुढे तिथल्याच कूत शहराच्या वेढ्यात सापडले. एप्रिल १९१६ मध्ये कूत पडलं, तेरा हजारांच्या आसपास फौज तुर्कांच्या हाती लागली. चुलतआजोबांचं घरी काहीच आलं नाही, साधं पत्रसुद्धा नाही. सातारा जिल्ह्यातल्या पुष्कळ घरांत असा एक माणूस असतो.

म्हणून मार्च २००३ मध्ये मी वॉशिंग्टनहून बाबांना फोन केला आणि अमेरिका आता इराकमध्ये शिरणार असं सांगितलं, तेव्हा ते एवढंच म्हणाले, “बसऱ्याला गेल्याली माणसं माघारी येत न्हाईत रं.”

मला ते पटलं नव्हतं. मी त्या युद्धाच्या बाजूने होतो. आज हे लिहिताना जड जातं, पण ते लपवून बाकीचं सांगण्यात अर्थ नाही.

माझं ऑफिस तेव्हा फॅरागट नॉर्थ मेट्रो स्टेशनजवळ होतं. दुपारी जेवायला जाताना सतराव्या रस्त्यावरची ११५० क्रमांकाची इमारत लागायची. अमेरिकन एंटरप्राइज इन्स्टिट्यूट ही धोरण-अभ्यासाची संस्था तिथे, ‘वीकली स्टँडर्ड’ साप्ताहिक तिथे आणि विल्यम क्रिस्टल, रॉबर्ट केगन यांनी १९९७ मध्ये काढलेला ‘प्रोजेक्ट फॉर द न्यू अमेरिकन सेंच्युरी’ हा गटही तिथेच. ज्यांना निओकॉन म्हणतात, म्हणजे अमेरिकेने लष्करी बळ वापरून जगात लोकशाही आणावी असं मानणारे उजवे, त्यांचं हे एका छपराखालचं गाव. सद्दामला हटवा, असं पत्र या मंडळींनी जानेवारी १९९८ मध्येच तेव्हाचे अध्यक्ष क्लिंटन यांना पाठवलं होतं. म्हणजे ११ सप्टेंबरच्या हल्ल्याच्या साडेतीन वर्षं आधी. ही तारीख मला फार उशिरा कळली. आधी कळली असती तर मी वेगळा विचार केला असता, असं मला वाटतं.

त्यांचं लिखाण मी मन लावून वाचायचो. त्यात नुसता युद्धाचा उन्माद नव्हता. अरबांनाही मताचा अधिकार हवा, हुकूमशहांशी साटंलोटं करून मिळवलेली शांतता खोटी, असं ते म्हणायचे. भारतातून आलेल्या माणसाला हे भिडतं. गरीब, निरक्षर लोकांना लोकशाही झेपणार नाही, हे आपल्याबद्दलही बोललं गेलं होतंच की.

मग एकेक गोष्ट उलगडत गेली. अमेरिकेचे लष्करप्रमुख एरिक शिन्सेकी यांनी फेब्रुवारी २००३ मध्ये सिनेटच्या समितीला सांगितलं होतं की इराक सांभाळायला काही लाख सैनिक लागतील. व्हिएतनाममध्ये पायाचा भाग गमावलेला हा माणूस. दोनच दिवसांनी संरक्षण खात्यातले पॉल वुल्फोविट्झ यांनी तो आकडा साफ चुकीचा ठरवला. उपाध्यक्ष चेनी म्हणाले, इराकी लोक आमचं मुक्तिदाते म्हणून स्वागत करतील. ज्यांच्या नावाने युद्ध झालं ती अण्वस्त्रं नव्हती, रासायनिक अस्त्रांचे साठे नव्हते. आणि २००४ च्या वसंतात इराकमधल्या अबू गरीब तुरुंगात अमेरिकन सैनिकांनी केलेल्या कैद्यांच्या छळाचे फोटो आले. त्या आठवड्यात मी बाबांना फोन केला नाही.

मुक्तिदाते हा शब्द मला नंतर पुन्हा भेटला. मार्च १९१७ मध्ये बगदाद घेतल्यावर ब्रिटिश जनरल मॉड यांनी जाहीरनामा काढला होता: आम्ही जेते म्हणून किंवा शत्रू म्हणून आलेलो नाही, मुक्तिदाते म्हणून आलो आहोत. आमच्या चुलतआजोबांच्या पलटणी ज्या सैन्यात होत्या, त्याच सैन्याचा हा जाहीरनामा. वाचनालयात तो वाचून मी बराच वेळ बसून राहिलो.

भारत त्यातून वाचला. एप्रिल २००३ मध्ये संसदेने युद्धाची ‘निंदा’ करणारा ठराव केला. अमेरिकेला इराकमध्ये भारताचं सैन्य हवं होतं, जवळजवळ एक डिव्हिजन. १४ जुलैला वाजपेयी सरकारने नकार दिला. माझा आत्तेभाऊ तेव्हा मराठा लाइट इन्फंट्रीत होता. नकाराची बातमी आली त्या रात्री आत्याने देवापुढे साखर ठेवली.

आमच्या शेजारणीला ते भाग्य नव्हतं. व्हर्जिनियात आमच्या घराला लागून तिचं घर आहे. मुलगा मरीन्समध्ये, दोनदा इराकला जाऊन आला. परत आला तो वेगळाच होऊन. दिवसा झोपायचा, रात्री अंगणात फेऱ्या मारायचा. तिच्या गाडीच्या मागे पिवळ्या फितीचं चुंबक होतं, ‘आपल्या जवानांच्या पाठीशी’ असं सांगणारं. पुढे तिने ते काढलं, तेव्हा रंगावर फितीचाच गडद ठसा राहिला होता, भोवतीचा रंग उन्हाने विटलेला.

ती कट्टर रिपब्लिकन. १३ फेब्रुवारी २०१६ ला साउथ कॅरोलायनातल्या ग्रीनव्हिलला, रिपब्लिकन पक्षाच्या अध्यक्षपदाच्या इच्छुकांच्या वादसभेत डॉनल्ड ट्रम्प, युद्ध करणाऱ्या अध्यक्ष बुश यांचे भाऊ जेब बुश यांच्या तोंडावर म्हणाले की इराकचं युद्ध ही घोडचूक होती. सभागृहातून हुर्यो झाली. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांतले जाणकार लिहीत होते की साउथ कॅरोलायनासारख्या फौजी राज्यात हे महागात पडणार. शेजारीण मात्र कुंपणापाशी येऊन म्हणाली, “कुणीतरी बोललं एकदाचं.” आठवड्याने ट्रम्प ते राज्य जिंकले आणि जेब बुश त्याच रात्री शर्यतीतून बाहेर पडले. मला ट्रम्प तेव्हाही मान्य नव्हते, आजही नाहीत. पण वॉशिंग्टनच्या पंडितांना जे दिसलं नाही ते तिला दिसलं होतं, हे मी नाकारू शकत नाही.

पुढची उतरण वेगाने झाली. डिसेंबर २०१८ मध्ये ‘वीकली स्टँडर्ड’ बंद पडलं. ऑगस्ट २०२२ मध्ये चेनींची मुलगी लिझ वायोमिंगमध्ये स्वतःच्याच पक्षाच्या मतदारांकडून दणकून हरली. मे २०२५ मध्ये सौदी अरेबियात, रियाधला, खुद्द अमेरिकेचे अध्यक्ष ट्रम्प म्हणाले की राष्ट्रं उभारायला निघालेल्यांनी उभारली त्यापेक्षा जास्त मोडली. हे वाक्य वीस वर्षांपूर्वी कुणी बोललं असतं तर त्याला देशद्रोही ठरवलं असतं.

मला आनंद व्हायला हवा होता. तो पुरता होत नाही, कारण हिशेब झालाच नाही. सुमारे साडेचार हजार अमेरिकन सैनिक आणि एक लाखाहून जास्त इराकी नागरिक गेले. वुल्फोविट्झना त्यानंतर जागतिक बँकेचं अध्यक्षपद मिळालं. शिन्सेकी खरे होते, हे त्यांना खोडून काढणाऱ्यांनी कधी उभं राहून कबूल केल्याचं मी तरी ऐकलं नाही. शिवाय विमानं थांबलेली नाहीत. रियाधच्या भाषणाला दीड महिनाही उलटला नव्हता, तोच जून २०२५ मध्ये इराणच्या फोर्दो, नतान्झ आणि इस्फहान या अणुकेंद्रांवर अमेरिकेचे बॉम्ब पडले. गेली ती तिथल्या माणसांना मताचा अधिकार मिळावा ही भाषा. ती भाषा ज्यांनी वापरून नासवली, त्यांच्यावर माझा राग आहे, आणि ती मला अजूनही खरी वाटते.

नोव्हेंबर २०२५ मध्ये चेनी गेले. २० तारखेला नॅशनल कॅथीड्रलमध्ये अंत्यविधी झाला. बुश होते, बायडेन होते, ट्रम्प नव्हते. मी घरून काम करत होतो, टीव्ही चालू होता. खिडकीतून शेजारीण आणि तिचा मुलगा अंगणातली पानं गोळा करताना दिसले. तो आता चाळिशी ओलांडून गेलाय. मी बाहेर गेलो आणि चेनींचा अंत्यविधी चालू असल्याचं सांगितलं. तिने मान हलवली. मुलाने विचारलं, तुमच्याकडे जादा पिशव्या आहेत का? मी आत जाऊन आणून दिल्या, आणि अंधार पडेपर्यंत तिघांनी मिळून पानं भरली.