दोरीवरची लुगडी

माझं काम विचारण्याचं. गावोगावी जायचं, लोकांना साधी वाक्यं ऐकवायची आणि मिळतील ती उत्तरं जशीच्या तशी वहीत उतरवायची. त्या दिवशी सातारा जिल्ह्यातल्या एका गावात तुलनेची वाक्यं घेऊन बसले होते.

आपल्याकडे तुलना करताना विशेषण बदलत नाही. 'उंच' तो 'उंच'च. 'पेक्षा' लागतं ते दुसऱ्या नावाला.

आजींच्या दोन नाती अंगणात खेळत होत्या. विचारलं, "थोरली धाकटीपेक्षा उंच आहे का?"

"हाय की."

"मग थोरली उंच आहे?"

"उंच कुठली! दोघीबी बुटक्याच."

इथवर अपेक्षित होतं. 'उंच' हा शब्द माणसाला उंचीच्या पट्टीवर नेऊन उभं करतो. कुठल्या खुणेच्या वर, ते बाकीचं वाक्य सांगतं. 'पेक्षा' आलं की खूण धाकटीच्या उंचीवर. नुसतं 'उंच' म्हटलं की खूण भोवतालच्या माणसांवरून ठरते. म्हणून बुटक्या पोरीलाही 'चार फूट उंच' म्हणता येतं. 'चार फूट बुटकी' मात्र मी आजवर कुणाच्या तोंडून ऐकलेलं नाही.

मग नजर दोरीवर गेली. दोन लुगडी वाळत होती.

"आजी, हे लुगडं त्याच्यापेक्षा ओलं आहे का?"

"हाय."

"मग हे ओलं आहे?"

आजी माझ्याकडे बघतच राहिल्या. "वल्लं हाय म्हणून तर म्हनले!"

वहीत दोन्ही उत्तरं एकाखाली एक होती. वाक्याची घडण तीच, 'पेक्षा' तेच, आणि उत्तर उलटं. ख्रिस्तोफर केनेडी आणि लुईस मॅकनॅली या भाषाशास्त्रज्ञांनी 2005 साली 'लँग्वेज' या नियतकालिकात हाच भेद मांडला होता. 'ओलं' या शब्दाची खूण पट्टीच्या तळाशीच असते: जरा पाणी असलं की ओलं. भोवतालाला विचारावं लागत नाही. हे सगळं मी इंग्रजी उदाहरणांवर शिकले होते. आपल्या भाषेत, इतक्या ठामपणे ऐकलं ते तेव्हाच, आणि अंगावर काटा आला.

पट्टीचं वरचं टोक राहिलं होतं: 'वाळलं' म्हणायचं तर पाणी पुरतं जावं लागतं. "दुसरं ह्याच्यापेक्षा जास्त वाळलंय ना? मग हे पहिलं वाळलंय का?"

"न्हाई गं पोरी." आजी उठल्या, माझं मनगट धरून दोरीपाशी घेऊन गेल्या आणि लुगड्याचा काठ माझ्या बोटांत दिला. "बघ की. सर्द लागतोय."

लागत होता.