आवडली का, ते सोडून काहीही विचारा

सोमवार, रात्री उशिरा

बिअरबद्दल सोनूचा मेसेज येऊन पडलाय. "मामा, कशी लागली?" रंग विचारला असता तर सांगितला असता. फेसाबद्दल पानभर लिहिलं असतं. राय, हे गव्हासारखं धान्य, किती टक्के असेल, यीस्ट कोणतं, बॅगेतून येताना बाटली किती तापली असेल, सगळ्याचा अंदाज देता येतो. कशी लागली एवढंच सांगता येईना.

बाटली ३३० मिलीची, अल्कोहोल ६.८ टक्के. कारखान्याचं नाव लिहीत नाही. लेबलवर मोठ्या अक्षरात काळी राय, खाली बारीक अक्षरात राय माल्ट (मोड आणून वाळवलेली राय), बार्ली माल्ट, भाजलेली राय, हॉप्स (कडूपणा देणारी फुलं), यीस्ट, पाणी. रायची टक्केवारी दिलेली नाही. पण तोंडात जी जाडी लागते ती पंधरा-वीस टक्क्यांची नव्हे. नेहमीच्या राय एलमध्ये (एल म्हणजे कोमट तापमानाला आंबवलेली बिअर) तेवढीच घालतात, मिरीची चुणूक यायला तेवढी पुरते. इथं निदान तिसरा हिस्सा राय असणार. जर्मन रोगनबिअरमध्ये ती निम्मी किंवा निम्म्याहून जास्त असते, पण तिला गव्हाच्या बिअरचं यीस्ट लावतात आणि त्यातून लवंग-केळ्याचा वास येतो. यात केळं औषधालाही नाही. म्हणजे यीस्ट साधं एलचं, आणि जिभेला जे झोंबतं ते धान्याचं.

झोंबणं मला आवडतं. मग अडलंय कुठं?

रायची बिअर करणाऱ्याबद्दल आधीच आदर वाटतो, कारण हे धान्य मॅशमध्ये, म्हणजे गरम पाण्यात भरडा भिजवताना, जीव खातं. बार्लीच्या दाण्याला फोलपट चिकटून असतं. भरडल्यावर तेच तळाशी बसून गाळणीचं काम करतं आणि वर्ट, म्हणजे धान्याचा गोड रस, त्यातून झिरपत खाली येतो. राय गव्हासारखी मळणीतच उघडी होते. फोलपट नाही म्हणजे गाळणी नाही. त्यात बीटा-ग्लुकन आणि अरॅबिनोझायलन ही चिकट द्रव्यं बार्लीपेक्षा जास्त. वर्ट तार धरतं, नळ पूर्ण उघडला तरी थेंब-थेंब. उपाय ठरलेले आहेत. दाणा बारीक आणि कडक, म्हणून रोलरमधली फट कमी करून राय वेगळी भरडायची. बार्लीसाठी लावलेल्या फटीतून कितीतरी दाणे आख्खे निसटतात. मॅश आधी ४० ते ४५ अंशांवर वीसेक मिनिटं धरायचा, तिथं बीटा-ग्लुकन तोडणारं एन्झाइम चालतं. पन्नाशीच्या पुढं ते टिकत नाही, म्हणून घाईनं तापवलं की ती पायरी फुकट गेली. मग ६५ ते ६७ वर तासभर, साखर होण्यासाठी. शेवटी ७६ वर, वर्ट पातळ व्हावं म्हणून. एकूण धान्याच्या पाच टक्के भाताचं तूस मिसळायचं, राय निम्मी असेल तर दहा टक्क्यांपर्यंत. तूस धुऊन घ्यायचं, नाहीतर त्याची धूळ उतरते. एवढं करूनही अडलंच तर खालून गरम पाणी सोडून थर उचलायचा, किंवा लांब सुरीनं आडवा-उभा कापायचा. पंपानं ओढायचं नाही. ओढलं की थर दाबून बसतो आणि मग मात्र रात्र तिथंच. धुवायचं पाणी ७७ अंशांच्या वर नको, टाळूला कोरड पाडणारा तुरटपणा तिथून येतो.

या बाटलीत तुरटपणा नाही. करणाऱ्यानं घाई केलेली नाही, हे तर दिसतंय.

काळेपणा भाजलेल्या रायचा. हीसुद्धा तीन ते पाच टक्क्यांच्या पुढं गेली की राख चाखल्यासारखं होतं. पण फोलपट नसल्यामुळं ती भाजल्या बार्लीपेक्षा मऊ लागते, कडू कोको आणि कॉफी यांच्या मधलं काहीतरी. ट्यूबलाइटसमोर ग्लास धरला की कडेला लाल दिसतं, म्हणजे अगदी कोळसा रंगापर्यंत नेलेली नाही. फेस खाकी, घट्ट, अर्धा ग्लास संपला तरी कडेला जाळी धरून होता. रायमधल्या प्रथिनांची आणि त्या चिकटपणाची ही चांगली बाजू. फेस पटकन बसला तर बिअरला दोष देण्याआधी ग्लास बघावा. आपल्याकडं त्याच ग्लासात सकाळी ताक पिऊन झालेलं असतं, स्निग्धपणाचा एक थर फेसाला पुरतो. ग्लास ओला करून उलटा धरायचा. पाणी सलग पडदा धरून उतरलं तर स्वच्छ, थेंब-थेंब तुटलं तर परत घासायचा. आणि टँकरच्या पाण्यानं विसळून तसाच ओला वापरायचा नाही. ब्लीचिंगचा वास पहिल्या घोटातच नाकात जातो आणि माणूस तासभर बिअरमध्ये क्लोरोफेनॉल हा औषधी वासाचा दोष शोधत बसतो.

आता आंबटपणा. खरी कुरकुर इथंच आहे. दुसऱ्या घोटाला जिभेच्या कडांना काहीतरी आंबट लागलं, आणि तेव्हापासून मी बिअर पीत नव्हतो, तपासत होतो. आंबट म्हणजे बिघडलेली, हे डोक्यात पक्कं बसलंय, लॅगरवर, म्हणजे थंडीत आंबवलेल्या नेहमीच्या पिवळ्या बिअरवर, वाढलेल्या सगळ्यांचंच बसलंय. बिघडलेली असती तर आणखी खुणा असत्या. बॅक्टेरियानं धरलेली बाटली उघडतानाच उसळते, चव उरत नाही, सगळी पाणचट आणि बोचरी होते. व्हिनेगर झालं असेल तर नाकाला आधी कळतं. लोणी किंवा बटरस्कॉच आलं तर डायासिटिल. ओल्या पुठ्ठ्याचा वास आला तर प्राणवायू लागला आणि उन्हात तापली. सोया सॉस आला तर यीस्ट मरून सडलं. यातलं काहीच नव्हतं. तरी दोन ग्लासांत आलटून-पालटून ओतून गॅस काढला आणि आंबटपणा मोजणारी पीएचची पट्टी बुडवली. गॅस न काढता मोजलं तर कार्बनिक आम्ल आकडा खाली ओढतं. काळ्या बिअरमध्ये पट्टी रंगतेसुद्धा, म्हणून वरून साधं पाणी टाकून लगेच बघावं लागतं, आणि आकडा ढोबळच धरावा लागतो. सव्वाचारच्या आसपास. साधारण बिअर चार ते साडेचारमध्ये बसते, खऱ्या आंबट बिअरी साडेतीनच्याही खाली जातात. म्हणजे बाटली चोख. भाजलेलं धान्य मुळातच आम्लधर्मी, आणि राय त्यावर आपला थोडा बोचरेपणा घालते.

बाटली चोख निघाली आणि मला वाईट वाटलं. बिघडलेली असती तर न आवडायला कारण मिळालं असतं.

सोनूला "मस्त" एवढं पाठवलं. अंगठा आला. झालं.

मग स्वतःची कीव करायचा कार्यक्रम. काय उपयोग या जिभेचा, असं. ज्या छत्रपती संभाजीनगरात वाळूज-चिकलठाण्याच्या कारखान्यांमधून देशभर बिअर जाते, तिथं एका ग्लासावर दोन वाक्यं बोलायला माणूस नाही. परमिट रूममध्ये प्रश्न दोनच, स्ट्राँग का माइल्ड, आणि चिल्ड आहे का. पाच टक्क्यांच्या वर ती स्ट्राँग, नियमानं आठपर्यंत. चवीचा कॉलमच नाही. आणि चव येणार तरी कशी, तीन अंशांवर जीभ बधिर, पाठोपाठ तिखट शेंगदाणे. दादा मधेच डोकावले. "काय लिहायलास एवढं?" म्हणाले, ग्लास उचलला, एक घोट घेतला, "जळालंय हे," म्हणाले आणि गेले. निर्णय लागायला त्यांना एक घोट पुरला. हेवा वाटला, खरंच.

पण जळालंय हे चूक नाही. तव्यावरून भाकरी निखाऱ्यावर उभी केली की फुगते, वरचा पापुद्रा सुटतो, आणि जिथं तो सर्वांत पातळ असतो तिथं काळे फोड येतात. तो फोड खाल्लाय त्याला या बिअरचा शेवट ओळखीचा वाटेल. आधी कडू, मग कोरडं, मग बऱ्याच उशिरा धान्याचा गोडवा, तोसुद्धा गिळल्यावर नाकानं श्वास सोडला तरच. अण्णा तो फोड आधी काढून बाजूला ठेवायचे आणि शेवटी… असो.

रायही तशी भाकरीचीच. पोलंड, जर्मनी, रशिया, फिनलंड इथल्या थंड, रेताड, हलक्या जमिनीत गहू नीट येत नाही तिथं ही येते, आणि तिथल्या काळ्या पावाला तीच लागते. बव्हेरियात १५१६ साली २३ एप्रिलला हुकूम निघाला, बिअरमध्ये बार्ली, हॉप्स आणि पाणी याशिवाय काही नको. त्यामागचं एक कारण असं सांगतात की गहू आणि राय पावासाठी राहावेत. रायची बिअर तिथं मग जवळपास दिसेनाशी झाली, ती विसाव्या शतकाच्या अखेरीस परत आली. आणि बरोबर पाचशे वर्षांनी, एप्रिल २०१६ मध्ये, लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी येत असताना, उच्च न्यायालयाच्या इथल्या खंडपीठानं मराठवाड्यातल्या मद्य कारखान्यांच्या पाण्याला मोठी कात्री लावली. तिथं धान्य, इथं पाणी. आधी पोट, मग ग्लास. नाथसागरावर, म्हणजे जायकवाडी धरणाच्या पाण्यावर, जगणाऱ्या गावात बसून एका बाटलीच्या आंबटपणाचं दुःख करणं कितपत शोभतं, हा विचार आला आणि तसाच सोडून दिला. आठवड्यातून एकदा नळाला पाणी येणाऱ्या गल्लीत त्याची चर्चा नकोच.

पाण्यावरून एक मात्र नोंदवून ठेवतो. आपल्या काळ्या खडकातल्या बोअरचं पाणी जड, बायकार्बोनेट भरपूर. फिकट लॅगरला असलं पाणी नको असतं, मॅशचा पीएच वर जातो, हॉप्सचा कडूपणा खरखरीत होतो. म्हणून आधी ते शुद्ध करून हलकं करावं लागतं. भाजलेल्या माल्टचं आम्ल नेमकं याच बायकार्बोनेटला खातं आणि मॅश आपोआप ५.२ ते ५.६ मध्ये बसतो. डब्लिन आणि म्युनिकचं पाणी असंच, आणि तिथं गडद बिअरी रुजल्या त्यात या पाण्याचा हात आहे. म्हणजे पाण्याच्या हिशेबानं आपला मुलूख काळ्या बिअरीचा, आणि आपण बनवतो पिवळी. बनवतो कारण खपते. वैशाखात ४२ अंशांत घरी आलेल्या माणसाला काळी राय द्या बरं. मारेल.

तापमानाचं मात्र आज जे दिसलं ते लिहायलाच हवं. बाटली मुद्दाम फ्रिजमधून थेट काढून पाच अंशांवर सुरू केली होती, थर्मामीटर ग्लासात ठेवून. पाचला फक्त जळकट आणि आंबट. थंडीत गोडवा आणि वास दबतात, कडूपणा आणि गॅसची बोच पुढं येते. आठ-नऊला कोको उघडला. अकराला पाव. बाराला मिरी आणि मागून तो धान्याचा गोडवा, आणि या क्षणी मला ही बिअर नक्की आवडत होती, हे आत्ता लिहिताना कळतंय. पंधराला जाडी अंगावर यायला लागली, अठराला नुसतं अल्कोहोल आणि चिकटपणा. नऊ ते तेरा, एवढीच तिची जागा. थंड मुलखात ही जागा तासभर टिकते. इथं पंखा फुल, खिडकीतून झळ, ग्लास हातात धरलेला. ती जागा आली आणि मी पीएचची पट्टी शोधत असताना निघून गेली.

बरं, आवडली म्हणू का? चार अंशांपुरती आवडली. लग्नात एवढंही पुष्कळांना मिळत नाही.

दुसरी बाटली फ्रिजमध्ये खालच्या फळीवर उभी आहे. आडवी ठेवायची नाही, गाळ कडेला बसतो आणि ओतताना सगळा ग्लासात येतो. उभी ठेवली तर तळाचा सेंटिमीटरभर सोडून बाकी स्वच्छ मिळते. दरवाजाच्या कप्प्यातही नको, तिथं दिवसभर हलते आणि तापते. हुरड्यापर्यंत राखावी असं मनात होतं. डिसेंबरात रात्री उघड्यावर ग्लास हातात धरला तरी बारा अंश सहज टिकतील, शेणीच्या आरावर भाजलेला हुरडा आणि तिळाची चटणी यांच्यासोबत ही बसेलही, तिखट ठेचा मात्र लांब ठेवून. तिखटावर भाजका कडूपणा आणि अल्कोहोल दोन्ही पेटतात. इतक्या टक्क्यांची गडद बिअर थंडीत सहा महिने आरामात राहते. पण इथल्या उन्हाळ्यात वीज दुपारची जाते, फ्रिज पुन्हापुन्हा कोमट-थंड होतो, आणि मग तोच ओला पुठ्ठा. राखण्यात अर्थ नाही.

शनिवारी दादांकडं नान खलिया, म्हणजे नान आणि मटणाचा रस्सा, आहे. तिथंच नेतो. पोचल्यावर दहा मिनिटं बाहेर ठेवायची, दोन छोटे ग्लास, लगेच प्यायची, थर्मामीटर घरी. दादा बर्फ मागतील. त्यांच्या ग्लासात टाकेन.