निळ्याकडून तांबड्याकडे

आमच्या 1998 सालच्या व्हॅनमध्ये हीटरचे तीन गोल नॉब आहेत: एक पंख्याचा, एक गरम-गारचा आणि वारा काचेकडे न्यायचा की पायांकडे हे ठरवणारा तिसरा. गेल्या नोव्हेंबरात यांपैकी मधला एकाएकी फारच हलका फिरू लागला. पंचवीस वर्षे कुरकुरत फिरलेली वस्तू अशी निमूट झाली, की पलीकडे तिचे कोणाशी नाते उरलेले नाही हे ओळखावे.

इंग्लंडमधल्या यॉर्कशरच्या हिवाळ्यात हीटर ही चैन नव्हे. अंगावर एक स्वेटर वाढवून थंडी भागवता येते. काचेला स्वेटर घालता येत नाही. ओल्या कोटांतली चार माणसे आत बसली, की त्यांच्या श्वासातली वाफ गार काचेवर धरते आणि समोरचा रस्ता दुधाळ होऊन जातो.

हीटरची मूळ युक्ती आमच्या आजीला लगेच कळली असती. इंजिनाची उष्णता वाहून नेणारे, नव्वद अंशांच्या आसपास तापलेले पाणी डॅशबोर्डमागच्या एका लहानशा रेडिएटरमधून फिरवलेले असते. पंखा हवा ढकलतो आणि त्यातली किती हवा या रेडिएटरमधून जावी व किती बाजूने निघून जावी, हे एक झडप ठरवते. जाळ मुख्य चुलीसाठी, पण वैलावरचे पाणी आपोआप तापते, त्यातलाच हा प्रकार. आमच्या वैलाची झडप मात्र गारवर अडकून बसली होती.

भंगारात काढलेल्या तशाच एका व्हॅनमधून नियंत्रणाचा आख्खा पॅनेल पंधरा पौंडांत मिळाला. जुना काढणे हेच खरे काम. दोन लोखंडी आकडे खुपसून रेडिओ ओढला, नॉब उपटले, स्क्रू काढले. पण थंडीत जुने प्लॅस्टिक पापडासारखे मोडते, म्हणून प्रत्येक क्लिप सोडवण्याआधी तिला बायकोच्या हेअर ड्रायरने शेक द्यावा लागला. हीटर दुरुस्त करण्यासाठी आधी दुसरा हीटर लागतो, हे तिने दारात उभे राहून ऐकवले.

पॅनेल बाहेर आला आणि मागे लोंबणारी वस्तू पाहून मी थबकलो. ती वायर होती. म्हणजे विजेची नव्हे. स्कूटरला असते ती, कवचातून सरकणारी पोलादी वायर. 1896 साली अर्नेस्ट बाउडेन यांनी जिचे पेटंट घेतले आणि जी पुढे सायकलच्या ब्रेकपासून सगळीकडे पोहोचली, तिला मी सांगलीत ओळखत होतो ती बाबांच्या चेतकमुळे. डाव्या मुठीत क्लच आणि गिअर, दोन्हींच्या वायरी हँडलमधून खाली गेलेल्या. बाबा डिकीत एक जादा क्लच वायर वेटोळे करून ठेवत आणि दर पावसाळ्याआधी कवचाच्या तोंडाशी कागदाचा द्रोण बांधून त्यात थेंबथेंब तेल सोडत. इथे वायर शाबूत होती. ती अडकवायचा प्लॅस्टिकचा दात मात्र मोडला होता. तरीही मी कागदाचा द्रोण केला. गरज होती असे नाही.

पंखा फक्त चौथ्या वेगावर चाले, त्याचे कारणही हाताशीच निघाले. खालचे तीन वेग वीज अडवून पंखा मंद करणाऱ्या रोधकांतून येतात आणि चौथा त्यांना टाळून थेट. रोधक जळला की वारा एकतर सोसाट्याचा, नाहीतर नाहीच. तो बदलायला दहा मिनिटे लागली.

वायर बसवताना मात्र तासभर गेला. नॉब पूर्ण निळ्यावर ठेवायचा, झडप बोटाने शेवटपर्यंत मिटायची आणि दोन्ही तसेच धरून कवचावर क्लिप दाबायची, याला माणसाला तीन हात असावे लागतात. नंतर नॉब तांबड्याकडे वळवला, तेव्हा डॅशबोर्डच्या पोटात कुठेतरी खोल एक मऊ ‘ठप्’ ऐकू आले. पडद्यावर बोट ठेवून तापमान वाढवायच्या गाड्या मी चालवल्या आहेत. त्यांत असे काही ऐकू येत नाही, आणि हातमोजा घातला तर त्या पुष्कळदा दादही देत नाहीत.

क्लिप दोनेक मिलिमीटर पुढे बसली आहे, हे मला ठाऊक आहे. नॉब पूर्ण निळ्यावर नेला तरी पायांशी किंचित कोमट हवा येत राहते. ती नीट करायची तर रेडिओ पुन्हा काढणे आले. जुलैत कोणी तक्रार केलीच, तर पाहू.