तुम्ही विचारलंत म्हणून: डी-थ्रीच्या पुडीने तारेचे दात लवकर सरकतात का?

तारा बसवून दोन-तीन महिने झाले की आईवडील हमखास विचारतात, "डॉक्टर, ड जीवनसत्त्व दिलं तर लेकराचे दात लवकर सरकतील का?" दीड-दोन वर्षांचं काम वर्षात उरकावं, गावाहून लातूर-संभाजीनगरला दर महिन्याला एसटीने माराव्या लागणाऱ्या खेपा वाचाव्यात, यात वावगं काहीच नाही. पण मेडिकलवर मिळणारी डी-थ्रीची, म्हणजे ड जीवनसत्त्वाची पुडी दात पळवत नाही. अंगात ड कमी असेल तर ती पुडी जरूर घ्यायची, मात्र ती हाडांसाठी.

दाताचं मूळ आणि जबड्याचं हाड यांच्यामध्ये पाव मिलिमीटरपेक्षाही बारीक तंतूंचा पडदा असतो. तारेने दात ढकलला की दाबाच्या बाजूला हाड पोखरणाऱ्या पेशी जमतात, ताणाच्या बाजूला नवं हाड बांधणाऱ्या. सुळ्यामागची उपदाढ काढून केलेल्या जागेत सुळा मागे घेताना तो साधारण महिन्याला 1 मिलिमीटर जातो. वेग ठरतो तो मुख्यतः हाड पोखरलं जाण्यावर.

ड जीवनसत्त्वाचा संबंध इथे येतो. कातडीत तयार झालेलं किंवा पोटातून आलेलं ड यकृतात एकदा बदलतं आणि मूत्रपिंडात दुसऱ्यांदा. मग तयार होतं कॅल्सिट्रिऑल. ते हाड बांधणाऱ्या पेशींना रँकल नावाचं प्रथिन जास्त बनवायला लावतं आणि त्या प्रथिनाच्या इशाऱ्यावर पोखरणाऱ्या पेशी घडतात. हे कॅल्सिट्रिऑल थेट दाताजवळ टोचलं तर काय होईल, हे कॉलिन्स आणि सिंक्लेअर या संशोधकांनी मांजरांवर पाहिलं. 1988 साली प्रसिद्ध झालेल्या त्या कामात दर आठवड्याला दाताभोवतीच्या तंतूंत सुई दिली होती. 21 दिवसांत तो दात तुलनेसाठीच्या जोडीच्या दातापेक्षा 60 टक्के जास्त सरकला. माणसांवर इराकमध्ये झालेल्या एका छोट्या अभ्यासात (2011) 25 पिकोग्रॅमच्या मात्रेने सुळा सुमारे 51 टक्के जास्त वेगाने गेला. 15 आणि 40 पिकोग्रॅमने मात्र फरक पडला जेमतेम 10 टक्क्यांचा. म्हणजे जास्त टोचलं की जास्त वेग, असंही नाही. माणसांवरचे असे अभ्यास थोडे आणि लहान आहेत, त्यामुळे ही सुई नेहमीच्या उपचारात आलेली नाही.

आता पुडी पाहा. 60,000 युनिट म्हणजे दीड मिलिग्रॅम. पिकोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा लाख कोटीवा भाग. पुडीतलं औषध त्या सुईच्या कोट्यवधी पट आहे, पण ते कच्चं आहे. त्यातून कॅल्सिट्रिऑल किती बनवायचं हे मूत्रपिंड ठरवतं आणि ते पातळी घट्ट धरून ठेवतं. अंगात ड पुरेसं असताना चार पुड्या जास्त घेतल्या म्हणून सुळ्याजवळचं कॅल्सिट्रिऑल चौपट होत नाही.

कमतरता असेल तर गोष्ट वेगळी. नव्याने बांधलेल्या हाडात चुना नीट भरला जात नाही, आणि सरकवलेला दात जागेवर टिकायला तेच हाड लागतं. "आपल्याकडे एवढं ऊन, मग कमी कसं?" असंही विचारलं जातं. उन्हातले जे किरण ड बनवतात ते काचेतून येत नाहीत, सावळ्या कातडीला जास्त वेळ लागतो, आणि गाडीवर स्कार्फ-सनकोट घातलेल्या मुलीला ऊन लागतंच कुठे? आपली सावली उंचीपेक्षा आखूड असते तेव्हाचं ऊन कामाचं. मे महिन्यात सकाळी दहालाच ती आखूड झालेली असते, त्यामुळे भर दुपारी 42 अंशांत उभं राहायची गरज नाही. डिसेंबरात मात्र बारा-एकच्या सुमाराचंच ऊन घ्यावं लागतं.

तपासणी 25-हायड्रॉक्सी व्हिटॅमिन डी हीच सांगा. 1,25 ची (म्हणजे कॅल्सिट्रिऑलची) तपासणी महाग, आणि कमतरता असली तरी तो आकडा बऱ्याचदा ठीक दिसतो, म्हणून फसवा. मिलिलिटरला 20 नॅनोग्रॅमच्या खाली कमतरता, 30 च्या वर पुरेसं असं सहसा धरतात. कमी निघालं तर डॉक्टर बहुधा आठवड्याला एक पुडी, आठ आठवडे, असं लिहून देतात. ती जेवणानंतर, दुधातून घ्यावी. स्निग्धाशिवाय ड नीट शोषलं जात नाही. आठवड्याची पुडी रोज घेणं ही सगळ्यात धोक्याची चूक. त्याने रक्तातलं कॅल्शियम चढतं. मळमळ, सारखी तहान, बद्धकोष्ठ सुरू होतं, मूत्रपिंडाला इजा होते. घरात कुणाला मुतखडा असेल तर तेही आधी सांगा.

वेग खरा कुठे जातो? सुळ्याला 70 ते 120 ग्रॅमचा हलका दाब पुरतो. "जोरात आवळा, लवकर होईल" म्हणून जास्त जोर लावला तर पडद्यातला रक्तपुरवठा चेपतो, तिथल्या पेशी मरतात आणि दात दोन-तीन आठवडे जागचा हलत नाही. तार आवळल्यावर दुखतं म्हणून आयबुप्रोफेन रोज घेऊ नका. दात सरकायला लागणारी प्रोस्टाग्लँडिन्स त्याने दबतात. दुखलंच तर पॅरासिटामॉल, एक-दोन दिवस. रबर दिलं असेल तर ते दिवसाचे वीस-बावीस तास हवं. फक्त झोपताना लावलेलं रबर जवळजवळ वायाच जातं.

आणि ब्रॅकेट, म्हणजे तार धरायला दातावर चिकटवलेला छोटा तुकडा, निघणं. नांदेड-बीडकडच्या काही गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. तिथल्या डागाळलेल्या दातांवर आम्लाने पृष्ठभाग नीट खरखरीत होत नाही, म्हणून ब्रॅकेट लवकर सुटतं. असे डाग असतील तर पहिल्याच भेटीत गावाचं पाणी कुठलं ते सांगा. ऊस दाताने सोलणं, खारे फुटाणे, सुपारी हे तारा असेपर्यंत बंद. हुरडा चालेल, पण तारेत अडकलेले दाणे ब्रशने काढूनच झोपायचं. ब्रॅकेट सुटलं तर पुढच्या तारखेपर्यंत थांबू नका: ते कागदात गुंडाळून ठेवा आणि त्याच दिवशी फोन करा, कारण मोकळा सुटलेला दात तिथून मागे फिरायला लागतो.