चिंगीचं मेणकापड

मंगळवार, रात्री

आज परत गादीचं कव्हर धुवायला टाकलं. आमची कुत्री चिंगी आता १३ वर्षांची झाली, झोपेतच शू होते तिला. उठली की खालचं ओलं हुंगते, हे कोणी केलं अशा चेहऱ्याने, आणि मग कान पाडून कोपऱ्यात जाऊन बसते. आई म्हणते मुद्दाम करते. मुद्दाम कसलं डोंबलाचं, झोपलेल्या जिवाला काय कळणार.

डॉक्टर म्हणाले नसबंदीचं ऑपरेशन झालेल्या माद्यांना वय झालं की हा त्रास होतो, इस्ट्रोजेन नसल्याने लघवी धरून ठेवणारा स्नायू सैल पडतो, जागेपणी जमतं पण झोपेत गळतं. तरी आधी इन्फेक्शन, किडनी, शुगर बघायचं म्हणाले, आणि पाणी किती पिते ते मोजा, दिवसाला किलोमागे १०० मिलीच्या वर गेलं तर गडबड. ही १८ किलोची, मग बाटलीने मापून भांडं भरायचं आणि रात्री उरलेलं मोजायचं. सॅम्पल सकाळच्या पहिल्या शूचं हवं होतं म्हणून मी जुना डाव घेऊन सोसायटीच्या मागे तिच्या पाठोपाठ वाकून चालतेय, वॉचमन काका बघतायत, काही विचारलं नाही हे त्यांचे उपकार. (आई, तो डाव टाकून दिलाय.)

रिपोर्ट ठीक आले. गोळी चालू केलीये, त्या गोळीने बीपी वाढू शकतं म्हणून ते आधी मोजून घेतलं. फरक पडतोय, पण पूर्ण नाही.

शीचं वेगळंच, मागचे पाय संधिवाताने धरलेत, नीट बसताच येत नाही, चालता चालताच पडते. गुळगुळीत फरशीवर तर उठतानाच घसरते म्हणून पॅसेजभर जुन्या योगा मॅट टाकल्यात, घर अगदी जिमसारखं दिसतंय. झोपायच्या आधी एक फेरी वाढवलीये. बेडखाली मेणकापड, वर जुनी दुपटी, आणि मांड्यांच्या आतली बाजू कोमट पाण्याने पुसून कोरडी करायची, नाहीतर लघवीने कातडी लाल होते.

शेजारच्या काकूंचा सल्ला, संध्याकाळनंतर पाणीच देऊ नका. अजिबात नाही. म्हातारीला तहानलेलं ठेवून आपली फरशी कोरडी ठेवायची का?

दिवाळीत गावाला जायचंय, बोर्डिंगवाले म्हणतात रात्री कोणी उठवणार नाही. मग मी इथेच थांबते, बाकीच्यांनी जावं.