बोगोल्युबोवोचा जिना

रशियातल्या व्लादिमीर शहराजवळच्या बोगोल्युबोवोला मी आले ती खरं तर नेर्ल नदीकाठचं ते पांढरं चर्च बघायला. रेल्वेचा पूल ओलांडून कुरणातून दीड किलोमीटर चालायचं. बुटांत चिखल भरला, पण समोर ते एकटं उभं चर्च दिसलं आणि तक्रार विसरले.

परतताना मठात शिरले आणि खरी अडकले ती तिथे. दारातल्या आजींनी न बोलता डोक्यावर घ्यायला ओढणी दिली. बाराव्या शतकातल्या आंद्रेई बोगोल्युब्स्की या राजाच्या वाड्यापैकी आता जिन्याचा बुरूज आणि त्याला जोडलेला छोटा सज्जा, एवढंच उरलंय.

हा माणूस मोठा हेकट. 1155 साली बापाला, युरी दोल्गोरुकीला, न विचारता कीवजवळचं विश्गोरोद सोडलं, येताना मरियमची प्रतिमाही उचलून आणली. रोस्तोव आणि सुझ्दाल ही जुनी शहरं टाळून व्लादिमीरला राजधानी केली, भावांना आणि बापाच्या जुन्या सरदारांना हाकललं. 1169 मध्ये त्याच्या फौजेने कीव लुटलं; स्वतः मात्र तिकडे फिरकलाही नाही. त्याच्या मानेचे मणके एकमेकांना जुळले होते, असं सांगाडा तपासल्यावर आढळलं. म्हणजे मान खाली घालणं त्याला खरोखरच जमत नव्हतं! लोक मात्र मग्रूर म्हणत राहिले.

कुच्कोविच या सरदार घराण्यातल्या एकाला त्याने मारलं होतं. उद्या आपली पाळी, या भीतीने वीसेक जणांनी कट केला. 1174 च्या जूनअखेरीची रात्र. आधी तळघरात दारू ढोसून धीर आणला. कोठीच्या किल्ल्या सांभाळणाऱ्या अनबालने राजाची तलवार दिवसाच पळवली होती. साठी ओलांडलेला माणूस नि:शस्त्र झुंजला. मेला समजून ते निघाले, तेवढ्यात कण्हणं ऐकू आलं. मेणबत्त्या पेटवून ते रक्ताच्या थेंबांमागून जिन्याखाली आले.

तो दगडी, गोल जिना. वळणावर हात टेकला तर भिंत गार लागली, आणि मी उगीचच चार पायऱ्या भराभर उतरले.

सकाळी प्रेत बागेत उघडं पडलं होतं. कुझ्मा नावाच्या सेवकाने अनबालकडे अंथरायला-पांघरायला काहीतरी मागितलं. म्हणाला, आठवतं का, तू आलास तेव्हा अंगावर काय होतं? आता मखमलीत मिरवतोस. अनबालने वरून गालिचा आणि एक झगा फेकला. त्यात गुंडाळून कुझ्माने धन्याला चर्चपाशी नेलं. कुणी दार उघडेना. दोन दिवस प्रेत ओसरीवरच राहिलं.