तावेत्याचं पाणी

केनियातलं म्वाताते गाव मागे पडलं की तावेत्यापर्यंत पाण्याचं नाव नाही. लाल माती, काटेरी झुडपं, मधूनच एखादी अजस्र गोरखचिंच. सलाइता नावाची बुटकी टेकडी गेली, लूमी नदी आली आणि दोन्ही बाजूंना एकदम केळीच केळी. मी यावलचा, केळीच्या बागेतच वाढलेला. तरी ते हिरवंगार रान बघून गाडी थांबवून खाली उतरलो.

केनियाच्या या टोकाच्या गावी मी ठिबकच्या कामाला गेलो होतो. पलीकडे होलिली, म्हणजे टांझानिया. बागेचे मालक पंच्याहत्तरीचे. तिकडे वडीलधाऱ्यांना 'मझी' म्हणतात, मीही तेच म्हणत होतो. फिल्टर कोणता लागेल ते ठरवायचं होतं, म्हणून विचारलं, "मझी, तुमचं पाणी येतं कुठून?" ते काही न बोलता पाटाच्या कडेने चालू लागले.

न्जोरो कुब्वाच्या झऱ्यांपाशी थांबलो. पाणी इतकं नितळ की तळाशी पसरलेली झाडांची मुळं स्वच्छ दिसत होती. किलिमांजारोवरचा पाऊस जमिनीत मुरून इथे वर येतो. डोंगर टांझानियात, झरे केनियात. "हे नसतं तर तावेता नसतं," मझी म्हणाले आणि तिथेच दगडावर बसून बोलू लागले.

मोंबासाहून हस्तिदंतासाठी निघालेले तांडे कोरडं रान तुडवून आले की इथल्या जंगलात मुक्काम करायचे, धान्य भरून घ्यायचे आणि मग पुढे मसाई मुलखात शिरायचे. 1886 मध्ये ब्रिटन आणि जर्मनीने आपसात हद्द ठरवली, ती जिपे तलावाला वळसा घालून, लूमी ओलांडून, तावेता आणि चागा लोकांच्या मुलखांच्या मधोमध गेली. तावेता इंग्रजांकडे, डोंगर जर्मनांकडे. तिथे राहणाऱ्या कुणालाही त्यांनी विचारलं नव्हतं.

पहिलं महायुद्ध पेटलं आणि ऑगस्ट 1914 मध्येच जर्मनांनी गाव घेतलं. शाळेत आपण हे युद्ध फ्रान्सच्या खंदकांतलं म्हणून शिकतो. इथे ते पाण्यासाठीही चाललं होतं. ओली बाजू जर्मनांच्या ताब्यात, इंग्रजी फौज सगळी कोरड्या रानात. बुराच्या डोंगरांतून त्यांना पाण्याची पाइपलाइन टाकावी लागली. वोईहून रेल्वेही आणली, आणि ते रूळ टाकण्यात हिंदी सैन्यातल्या रेल्वे तुकड्या होत्या. 12 फेब्रुवारी 1916 ला सलाइतावरचा हल्ला फसला. दक्षिण आफ्रिकेची ब्रिगेड माघारी पळाली, तेव्हा हिंदी सैन्याच्या 130व्या बलुची पलटणीने जर्मनांना थोपवून धरलं. तोवर याच गोऱ्यांच्या तोंडी हिंदी शिपायांसाठी 'कुली' हा शब्द असायचा. मार्चमध्ये तावेता इंग्रजांकडे परत आलं आणि पलीकडच्या लाटेमा आणि रेआटा टेकड्यांवर लढाई झाली.

मझींचे आजोबा या फौजेचे हमाल होते. डोक्यावर ओझं, पायांत काही नाही. गेले ते परत आलेच नाहीत. दुपारी मी तावेत्याच्या लष्करी दफनभूमीत जाऊन आलो. कापलेलं गवत, ओळीत दगड, दगडांवर नावं. आजोबांचं नाव कुठेच नाही. राष्ट्रकुल युद्ध कबर आयोगाने 2021 च्या अहवालात स्वतःच मान्य केलं, की किमान 1 लाख 16 हजार मृतांची, कदाचित साडेतीन लाखांपर्यंत, नावानिशी नोंद झाली नाही किंवा मुळीच झाली नाही. त्यांतले बहुतेक पूर्व आफ्रिकेचे आणि इजिप्तचे. फौजेचं धान्य-पाणी ज्यांनी वाहिलं, त्यांची नावं लिहून ठेवायला शंभर वर्षं पुरू नयेत, याचा मला अजून राग येतो.

नंतर इवर्ट ग्रोगन आला. तरुणपणी केप ते कैरो प्रवास केलेला हाच तो गोरा. त्याने इथे सिसलचे, म्हणजे दोरखंडांचा वाख देणाऱ्या घायपाताचे, मळे उभे केले, पाट काढले, टेकडीवर वाडा बांधला. चांगली जमीन मळ्यांखाली गेली. त्या जमिनीचं भांडण मझींच्या घरात आजही निघतं. 1977 मध्ये टांझानियाने सीमा बंद केली ती 1983 पर्यंत. मझींची बहीण पलीकडे दिलेली. तिच्या मुलाच्या लग्नाला ते रात्री रानातून चालत गेले आणि उजाडायच्या आत परतले.

बागेत परतल्यावर माझ्या आराखड्यात पाण्याची सगळी पाळी एकट्या त्यांच्या शेततळ्यात घेतलेली बघून मझींनी मान हलवली. "ठिबकने वाचेल ते मला नको. खालच्यांना जाऊ दे." टेलच्या, म्हणजे पाटाच्या शेवटच्या टोकाच्या, शेतकऱ्यांपर्यंत उन्हाळ्यात पाणी पोहोचत नाही, हे त्यांनी मला वाटेत दाखवलंच होतं. आम्ही शेततळं निम्मं केलं, पाटावर लोखंडी दार धरलं, आणि तळं भरलं की ते उघडायचं काम त्यांच्या नातवाकडे दिलं. झरे नितळ असले तरी पाट गढूळ, म्हणून फिल्टर मात्र वाळूचाच घ्यावा लागला.